‘फुंकर’चे सेक्रेटरी

सेक्रेटरींची आणि माझी ओळख नोटिशीने झाली. बाकीच्यांची ओळख चहाने होते, लग्नकार्यात होते, फार तर भांडणाने होते. मला मात्र एका दुपारी ऑफिसात बसल्या जागी ई-मेल आला: ‘आपणांस कळविण्यात येते की, रणगाड्यांच्या खेळाच्या पानाखाली आपण केलेल्या टिप्पणीमध्ये आंब्यांचा वारंवार उल्लेख आला आहे. आंबा हा विषय सदर पानाच्या कक्षेत येत नाही. तरी आपण योग्य तो खुलासा करावा.’ खाली नाव नाही, नुसतं ‘सेक्रेटरी’.

झालं होतं असं, की टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमबद्दलची एक मराठी वेबसाइट मला सापडली होती. पिवळ्या कॅसेटवाले ते खेळ, वायर सतत गुंतलेले रिमोट, टीव्हीवर चॅनेल लावताना होणारी खरखर. वेबसाइटचं नाव ‘फुंकर’. ज्यांनी ते खेळ खेळलेत त्यांना नावाचा अर्थ सांगायला नको. कॅसेट चालली नाही की ती काढायची, तिच्या पोटात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. त्याने खरंच काही व्हायचं का, देव जाणे. पण प्रत्येक घरात फुंकर मारणारा एक तज्ज्ञ असायचाच. आमच्यात ती मी होते. सुट्टीत आत्याकडे भावंडांबरोबर रणगाडे लढवताना आम्ही आंबेही खात असू, म्हणून मी त्या पानाखाली दोन ओळी लिहिल्या आणि नोटिशीची धनीण झाले.

मीही हट्टाला पेटले. उलट लिहिलं: ‘आंब्याचा रस रिमोटच्या बटणांत गेल्यामुळे आमचा रणगाडा उजवीकडे वळत नसे. सबब आंबा हा विषयाचाच भाग आहे.’ अर्ध्या तासात उत्तर आलं: ‘खुलासा समाधानकारक आहे. प्रत्यक्ष भेटावे. चहा होईल.’

मी तेव्हा सानपाड्याला भाड्याच्या घरात राहत होते. सेक्रेटरी नेरूळला. रविवारी गेले. जुनी चार मजली सोसायटी, पहिला मजला, दारावर पितळी पाटी: ‘मोहिते’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘सेक्रेटरी’. दार मोहिते काकूंनी उघडलं आणि मला आपादमस्तक बघून आतल्या खोलीकडे तोंड करून त्या ओरडल्या, “अहो, ती आंबेवाली आली हाय!”

सेक्रेटरी बाहेर आले ते घरात असूनही इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. उंची बेताची, मिशी बारीक, आवाज मात्र सभेतला. मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्यभर एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती आणि घरी आल्यावर सोसायटी. पुष्कळ वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी होते. कोणाच्या कुंडीतलं पाणी कोणाच्या वाळत घातलेल्या चादरीवर ठिबकलं, हे त्यांना कुंडीच्या मालकाआधी कळायचं. मग सोसायटीत तरुण मंडळी राहायला आली आणि एका निवडणुकीत सेक्रेटरी पडले. पाटी त्यांनी काढली नाही. “पद जातं, जबाबदारी जात नाही,” असं त्यांनी मला त्या पहिल्या भेटीतच सांगितलं. अंगात नोटिसा तर उसळत होत्या आणि बजावायला कोणी उरलं नव्हतं. अशा वेळी त्यांच्या मुलाने त्यांना ही वेबसाइट बांधून दिली. थोडक्यात, सोसायटीची ग्रहदशा संपली आणि इंटरनेटची सुरू झाली. वेबसाइट बांधून दिल्यावर मुलगा लवकरच जर्मनीला गेला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, असं सेक्रेटरी आवर्जून सांगत.

मुलगा गेल्यामुळे वेबसाइटची यंत्रणा बघायला कोणी नव्हतं. मी सॉफ्टवेअर कंपनीत आहे म्हटल्यावर सेक्रेटरींचे डोळे चमकले. चहाचा कप खाली ठेवायच्या आत माझी ‘तांत्रिक उपसमिती’ म्हणून नेमणूक झाली. त्या समितीत मी एकटीच होते, पण त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. फोन आला की, “उपसमिती जागी आहे का?” माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर नाव वाचून ते काही क्षण गोंधळले होते.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमची सभा व्हायची. सभेला तीन माणसं हवीत, हा त्यांचा नियम. दोघे आम्ही, तिसऱ्या काकू. काकू स्वयंपाकघरात असायच्या. सेक्रेटरी घड्याळ बघत आणि मोठ्याने विचारत, “कोरम आहे का?” आतून उत्तर येई, “हाय हाय, कुकर लावते नि येते.” मग आम्ही दोघे शिटीची वाट बघत बसत असू. कोरमअभावी सभा तहकूब झाल्याचंही मला आठवतं. काकू भाजी आणायला खाली गेल्या होत्या. अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा पुन्हा भरली आणि तिच्यात पहिला ठराव काकूंनी आणलेल्या कोथिंबिरीच्या अभिनंदनाचा झाला. हा ठराव त्यांनी थट्टेत मांडला की मनापासून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

‘फुंकर’ हे नावही काकूंचंच. सेक्रेटरींच्या मनात ‘गतकालीन दूरचित्रवाणी क्रीडा सभासद मंडळ’ असं काहीतरी होतं. काकू ताटं मांडता मांडता म्हणाल्या होत्या, “येवढं नाव वाचेपर्यंत मानूस झोपल. फुंकर ठेवा.” सेक्रेटरींनी ते ठेवलं आणि वर ‘बहुमताने मंजूर’ असा शेरा मारला. मत देणारी माणसं दोनच; बहुमत कसं झालं ते विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्यांचा खरा राग होता तो ‘नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ’ असं छापलेल्या कॅसेटींवर. ज्यांच्या घरी ती कॅसेट होती त्यांना माहीत आहे की आत खेळ मूठभरच असायचे आणि तेच ते पुन्हा पुन्हा यायचे. कधी रणगाडा लाल, कधी हिरवा. आपण सगळ्यांनी लहानपणी ते हसून सोडून दिलं. सेक्रेटरींनी सोडलं नाही. “ही उघड उघड दिशाभूल आहे,” असं म्हणत त्यांनी अशी एक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासायला घेतली. काही महिने ते काम चाललं होतं. रंग बदलला म्हणजे खेळ बदलत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो त्यांनी वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकला. त्याखाली ठाण्याच्या एका सभासदाने लिहिलं, ‘सेक्रेटरी, हे राजकारणालाही लागू आहे.’ त्याला ताबडतोब नोटीस गेली.

हा ठाण्याचा सभासद म्हणजे ‘कप्तान’. वेबसाइटवर सगळे टोपणनावाने असत. कप्तान हा चाळिशीतला, विम्याच्या कामात असलेला माणूस, आणि आपण कुठला खेळ किती वेळात संपवला हे सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. सेक्रेटरींचं आणि त्याचं कायमचं वाजायचं. पण गंमत अशी, की सेक्रेटरींच्या लेखांचा सर्वांत मोठा भक्तही तोच.

कारण लेख खरंच तसे होते. कुठला खेळ कसा खेळावा, कुठे थांबावं, कुठे उडी मारावी, यावर सेक्रेटरी लिहीत. भाषा कचेरीतली, पण मधूनच असं एखादं वाक्य येई की वाचणारा जागीच थांबे. ‘निळा किल्ला’ नावाचा एक फार अवघड खेळ होता. एक धनुर्धारी एकामागून एक दरवाजे ओलांडत जातो आणि चौथ्या दरवाजापाशी गरुडांचा थवा त्याला पाडतो. आमच्यातले बहुतेक तिथेच मेलेले. त्याबद्दल सेक्रेटरींनी लिहिलं होतं: ‘येथे खेळाडूने घाई करू नये. गरुडांचा थवा भरतीच्या पाण्यासारखा चढत येतो व आल्या वाटेने उतरतो. पाणी उतरू लागले की पाय टाकावा. तत्पूर्वी टाकलेला पाय चिखलात जातो, याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.’

मी एकदा विचारलं, “काका, हे भरतीचं तुम्हाला कसं सुचलं? साताऱ्याला कुठली आलीय भरती?”

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि म्हणाले, “निरीक्षण.”

मग मी एकदा हातात रिमोट देऊन म्हटलं, “मला खेळून दाखवा ना.” तर त्यांनी रिमोट टेबलावर नीट ठेवला. “पदावर असताना खेळणं बरं दिसत नाही. कंडक्टर कधी खिडकीत बसतो का?” मला ते पटलं. त्यांचं बोलणं पटायचं, हीच त्यांच्यातली धोक्याची गोष्ट होती.

पुढे सभासदांनी स्नेहसंमेलनाचा धोशा लावला. इतकी वर्षं एकमेकांशी भांडतोय, तर एकदा समोरासमोर भांडू, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. सेक्रेटरी आधी टाळत होते. शेवटी हो म्हणाले आणि सोसायटीचा हॉल मिळावा म्हणून त्यांना नव्या सेक्रेटरीकडे अर्ज करावा लागला. तो अर्ज मी पाहिला. आपल्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे आपलाच हॉल मागताना माणूस किती नम्र आणि किती कडू होऊ शकतो, याचा तो नमुना होता. नव्या सेक्रेटरीने, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या एका मनमिळाऊ मुलाने, अर्ज न वाचताच किल्ली दिली. “वाचला सुद्धा नाही,” सेक्रेटरी दिवसभर म्हणत होते.

संमेलनाला पुण्याहून, नाशिकहून, डोंबिवलीहून माणसं आली. ज्यांना आम्ही टोपणनावांनी ओळखत होतो ते टक्कल पडलेले, चष्मा लागलेले गृहस्थ निघाले. दोघी-तिघी बायका होत्या, एक तर सासूला घेऊन आली होती. हॉलच्या एका टोकाला सेक्रेटरींचा तो जुना जाडजूड टीव्ही आम्ही चौघांनी उचलून आणून ठेवला होता. काकूंनी मोठं पातेलंभर पोहे केले होते आणि त्या कोपऱ्यात बश्या भरत होत्या. सेक्रेटरींनी स्वागताचं भाषण केलं. ते चांगलंच लांबलं, पण कोणी तक्रार केली नाही. सगळे खुशीत होते.

मग कप्तान उभा राहिला. “आता सेक्रेटरींनी निळा किल्ला खेळून दाखवावा,” तो म्हणाला. “चौथा दरवाजा. आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय, आज बघू.”

टाळ्या पडल्या. सेक्रेटरी म्हणाले, “पदावर असताना...”

“आज पद बाजूला ठेवा,” कोणीतरी ओरडलं. पुन्हा टाळ्या. कप्तानाने रिमोट त्यांच्या हातात दिला आणि खुर्ची पुढे सरकवली.

सेक्रेटरी बसले. रिमोट त्यांनी असा धरला होता जसा एखादा नवखा बाप पहिल्यांदा बाळ धरतो. खेळ सुरू झाला आणि पहिल्याच दरवाजापाशी, जिथे शत्रू म्हणून नुसती एक घरंगळत येणारी धोंड आहे, तिथे धनुर्धारी मेला. लोक हसले, वाटलं, गंमत करताहेत. दुसऱ्यांदाही तो तिथेच मेला. या वेळी हसू कमी झालं. तिसऱ्यांदा सेक्रेटरींनी उडीच्या जागी बाण मारला आणि धोंड अंगावरून गेली. मागून कोणीतरी पुटपुटलं, “मग लेख कोण लिहितं?” पुटपुटणं सगळ्यांना ऐकू गेलं. सेक्रेटरींच्या कानशिलांपर्यंत लाली चढली होती. बोलण्यात ज्याचा हात कोणी धरला नसता तो माणूस मान खाली घालून चौथ्यांदा बटण दाबायला लागला.

काकूंनी हातातली बशी खाली ठेवली. पदराला हात पुसले. गर्दीतून वाट काढत त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, “सरका जरा.”

“अगं, नको,” सेक्रेटरी हळूच म्हणाले. “राहू दे.”

“सरका म्हनते ना!”

त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत. टीव्हीसमोर फरशीवर मांडी घातली, रिमोट मांडीवर आडवा घेतला आणि खेळायला लागल्या. पहिला दरवाजा कधी गेला ते कळलं नाही. दुसरा, तिसरा. काकूंच्या अंगात काही हालत नव्हतं, फक्त अंगठे. खेळता खेळता त्या स्वतःशी बोलत होत्या. “ये, ये. येवडी घाई कशाला? चडू दे पानी... चडू दे... आता उतरलं बग. आता टाक पाय.” चौथ्या दरवाजापाशी गरुडांचा थवा आला आणि गेला, आणि धनुर्धारी कोरडा पार झाला. पुढे आणखी दरवाजे होते जे आमच्यातल्या कोणीही पाहिले नव्हते. शेवटी पडद्यावर निळ्या बुरुजावर झेंडा लागला तेव्हा हॉलमध्ये जो गलका झाला, तो ऐकून तिसऱ्या मजल्यावरचा नवा सेक्रेटरी धावत खाली आला.

काकू उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून कण्हल्या आणि म्हणाल्या, “पोहे गार झाले की नाय?”

त्या दिवशी सगळ्यांनी काकूंना डोक्यावर घेतलं. सेक्रेटरी मात्र खुर्च्या आवरत राहिले. संध्याकाळी वेबसाइटवर नोटीस लागली: ‘नैतिक जबाबदारी स्वीकारून मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. राजीनामा माझ्याकडेच सादर केला असून तो मी मंजूर केला आहे.’

मी दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर तशीच नेरूळला गेले. सेक्रेटरी फिरायला गेले होते. काकू एकट्याच होत्या आणि रागावलेल्या होत्या. त्यांनी मला बसवलं आणि सगळं सांगितलं.

काकू इथल्याच, नेरूळजवळच्या खाडीकाठच्या करावे गावच्या. लहानपणी खाडीत उतरून निवट्या पकडायच्या. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारी मासळी, हाताने धरावी लागते, आणि धरायला गेलं की ती हातातून निसटते. “ती कवा उडी मारनार ते तिच्या आधी आपल्याला कलायला पायजे,” काकू म्हणाल्या. “हा टीव्हीवरचा खेल म्हंजे तेच. फक्त पाय चिखलात जात नाय.” मुलगा शाळेत गेला की दुपारी त्या खेळायच्या. बाकीच्या बायका दुपारी झोपायच्या. काकूंना दुपारी झोप कधी आलीच नाही. संध्याकाळी सेक्रेटरी कचेरीतून आले की त्यांना सगळं सांगायचं. आज कुठवर गेले, कुठे मेले, कशी वाट काढली.

“लग्न झालं तेवा ह्यांच्या घरच्यांना माझं बोलनं कलायचं नाय,” त्या म्हणाल्या. “मी बोलले की नणंदा तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हनून मी बोलायचंच सोडलं होतं. हे येकटे विचारायचे, मग पुढं काय झालं? मग पुढं? मी ह्या खेलाचं सांगायला लागले नि मना बोलायची सवयच लागली.”

“मग लेखांवर तुमचं नाव का नाही?” मी विचारलं.

“मीच नको बोलले. सोसायटीत, गावात सगली हसतील, म्हातारी गेम खेलते म्हनून. माझी शपत घातली त्यांना, कोनाला सांगायचं नाय.” त्यांनी पदर सारखा केला. “तर काल बग. येवडी मानसं हसली तरी तोंड उघडलं नाय. येक शब्द बोलले असते, माझी बायको खेलते, तर सुटले असते. नाय बोलले. तीनदा मेले, चौथ्यांदा मरायला बसले होते. मग मनाच नाय बगवलं.”

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मला बघून म्हणाले, “उपसमिती बरखास्त झालेली आहे.” पण आवाजात दम नव्हता. खुर्चीत बसले. मग त्यांच्या साताऱ्याच्या बोलीत, जी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती, ते म्हणाले, “मी हरलो त्याचं काय न्हाई. हिला नको होतं ते चारचौघांत हिला करावं लागलं. माझ्यामुळं.”

“मना काय कोनी खाल्लं का तितं?” काकू म्हणाल्या. “आता ऐका. तुमी राजीनामा मागं घेत नाय तवर मी खेलनार नाय. आनि खेलले नाय तर संध्याकाली सांगनार पन नाय.”

सेक्रेटरींनी तीन-चार संध्याकाळी तग धरला. मग वेबसाइटवर नोटीस लागली: ‘राजीनामा तांत्रिक कारणास्तव परत घेण्यात येत आहे.’ तांत्रिक कारण म्हणजे मी, असं सभासद समजले आणि माझे आभार मानणारे ई-मेल आले. कप्तानाने सगळ्यांसमक्ष माफी मागितली. त्याला सेक्रेटरींनी कळवलं की माफी योग्य नमुन्यात नाही, तरी ती स्वीकारण्यात येत आहे.

त्यानंतर त्यांनी एक काम हातात घेतलं. जुना प्रत्येक लेख उघडून त्यावर ‘खेळ: सौ. मोहिते, शब्दांकन: सेक्रेटरी’ असं घालायचं. हे मी एका फटक्यात सगळ्या पानांवर करून देऊ शकले असते आणि तसं सांगितलंही. “नको. हाताने करू,” ते म्हणाले. आठवडेच्या आठवडे ते एका बोटाने टाइप करत बसले होते. सभासदांचे प्रश्न आता काकूंच्या नावाने येऊ लागले, तेव्हा मात्र त्यांना थोडं लागलं. “आमच्या सौभाग्यवतींकडे हल्ली अर्जांची थप्पी आहे,” असं ते जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

आणि गाव हसेल ही काकूंची भीती? करावेहून त्यांच्या भावाचा फोन आला. “ताय, तू खरंच गेम खेलतेस?” काकूंनी घाबरत हो म्हटलं. पुढच्या रविवारी तो डबाभर कोळंबी घेऊन हजर झाला आणि जेवण होईपर्यंत टीव्हीसमोरून उठला नाही. पहिल्या दरवाजापाशी धोंडेखाली मरत राहिला. सेक्रेटरींना तो माणूस फार आवडला.

गेल्या दिवाळीनंतर सेक्रेटरी गेले. सकाळी छातीत दुखायला लागलं, तर रिक्षाने दवाखान्यात गेले आणि रिक्षावाल्याला कुठल्या सेक्टरातून वळायचं ते अखेरपर्यंत सांगत गेले. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. वेबसाइटवर मी दोन ओळी लिहिल्या. मला त्यांच्यासारखं लिहिता येत नाही. त्याखाली सभासदांनी श्रद्धांजली म्हणून जे केलं, ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. ज्याने त्याने आपल्याला सेक्रेटरींकडून आलेली नोटीस तिथे चिकटवली. कोणाला शुद्धलेखनावरून आली होती, कोणाला विषयांतरावरून, कप्तानाकडे तर वेगवेगळ्या काळातल्या ढिगाने होत्या. सगळ्यांनी त्या जपून ठेवल्या होत्या. खाली वाचत जाताना मी हसत होते आणि मला पुढचं दिसत नव्हतं.

काकूंनी खेळणं बंद केलं. मी शनिवारी जायचे. टीव्हीवर त्यांनी रुमाल टाकला होता. एकदा मी विषय काढला, तर म्हणाल्या, “खेलून सांगू कोनाला?”

“मला सांगा,” मी म्हटलं. त्यांनी एकदा प्रयत्न केला. मी लिहून वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाल्या, “बरोबर हाय, पोरी. पन तू विचारत नायस.” खरंच होतं. मी लिहून घेत होते. मग पुढे काय झालं, असं विचारणं मला सुचलं नव्हतं.

म्हणून मग दुसरा मार्ग काढला. काकूंनी खेळायचं, जसं येईल तसं बोलायचं, आणि मी शेजारी बसून आवाज आणि पडदा दोन्ही टिपून वेबसाइटवर घालायचं. त्या कुरकुरत तयार झाल्या. एका शनिवारी दुपारी आम्ही रुमाल काढला. काकू फरशीवर बसल्या, एक नवीन कॅसेट लावली, भुयारातल्या वटवाघळांची. पहिला बराच वेळ त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. खेळ पुढे गेला, भुयार अरुंद झालं, आणि अचानक त्या नेहमीच्या आवाजात, जणू जिन्यावरून आत्ताच कोणीतरी वर आलंय तशा बोलल्या, “अहो, हितं बगा, ही वटवागलं खालून येतात, वरून नाय. आदी मना पन कललं नव्हतं. ऐकताय ना?”

आणि त्या थांबल्या. एखाददुसरा क्षण असेल, उत्तर येण्याइतका. तेवढ्यात वटवाघूळ आलं आणि खेळ संपला.

माझा हात रेकॉर्डिंग बंद करायला पुढे गेला. काकू पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. “घ्या,” रिमोट मांडीवर आपटत त्या म्हणाल्या, “तुमच्यापायी मेले बगा!”

“एवढं कापून टाकू का, काकू?” मी विचारलं.

“काय कापू नको,” त्या म्हणाल्या. “चालू ठेव,” आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.